तळ्यावर अतिक्रमण नक्की कोणाचं?

होडीतून उतरताना होडीवाला पोरगा म्हणाला, दीदी पाऊल सपाट टाका, टाचेवर जोर देऊ नका. तरी सवयीनं टाच आधी पडली आणि पाय घोट्याच्या वर आत गेला, थंडगार पाणी बुटात, आणि नुसता माझा पाय गेला असं नाही तर आजूबाजूचं सगळंच हललं, गादीवर कोणी धपकन बसलं की शेजारचा कसा वरखाली होतो तसं. दहा फुटांवर एक बाई चुलीपुढे बसून मासे भाजत होत्या, त्यांच्या खालची जमीन पण हलली असणार, पण त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. हलत्या जमिनीवर आयुष्य काढणाऱ्या माणसाला पाहुणा आल्याचं बहुतेक असंच कळत असेल, खालून.

हे मणिपूरमधलं लोकतक तळं. इंफाळपासून साधारण ४५ किलोमीटर, मोइरांगच्या रस्त्याला. मोइरांग आपल्याकडे माहीत असतं ते आझाद हिंद सेनेमुळे, १४ एप्रिल १९४४ ला तिथे सेनेचा झेंडा लागला होता, आणि आम्ही पण, म्हणजे मी आणि माझा भाचा, जानेवारी २०१९ मध्ये मुख्यतः तेच बघायला गेलो होतो. तळं जाताजाता बघू असं ठरलं होतं. दोन तासांसाठी म्हणून गेलो आणि दोन दिवस राहिलो, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये ती आज लिहून टाकते. तिथे पाण्यावर राहणाऱ्या लोकांना सरकारी कागदात अतिक्रमण करणारे म्हणतात, आणि माझं म्हणणं असं आहे की या तळ्यात अतिक्रमण झालंय हे खरं, पण ते बांबूच्या झोपडीनं नाही केलेलं, बंधाऱ्याच्या लोखंडी दरवाज्यांनी केलेलं आहे, आणि दरवाज्यांचा हिशोब न करता झोपड्या हटवणं हा सरळ सरळ अन्याय आहे.

आधी फुमदी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. फुमदी म्हणजे गवत, मुळं, कुजलेला पाला, माती असं सगळं एकमेकांत गुंतून तयार झालेला तरंगता थर. काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी पुरुषभर जाड. बर्फासारखंच याचंही असतं, बराचसा भाग पाण्याखाली आणि थोडासाच वर. वरून बघितलं तर हिरवं रान वाटतं, त्यात बोरू असतो, देवनळ असतो, आणि इशिंग कांबोंग नावाचं एक गवत असतं ज्याचे कोवळे कोंब तिथले लोक आवडीनं खातात, बाजारात जुड्या बांधून विकायला असतात. या फुमदीचा एखादा मोठा तुकडा कापायचा, बांबूचे लांब सोट तळाच्या गाळात रोवून तो अडकवायचा, वर बांबूची चटई, त्याच्यावर बांबू-पत्रा-प्लास्टिकची झोपडी. तिला खांगपोक म्हणतात, फुमशांग पण म्हणतात. अशा झोपड्यांची जी वस्ती आहे ती चंपू खांगपोक. नकाशात गाव म्हणून ठिपका दाखवायचा तर पंचाईत, वादळात सोट उपटले की अख्खं घर सरकतं, सकाळी उठून शेजार बदललेला असतो.

आम्ही ज्या घरी गेलो तिथे नवरा-बायको, म्हातारी आणि एक कुत्रा असे राहत होते. होडीवाला त्यांचाच मुलगा, इंफाळला कॉलेजला, सुट्टीत होडी चालवतो, त्याच्या हिंदीमुळेच सगळं बोलणं झालं कारण घरातल्या बाकी कोणाला हिंदी फारसं येत नव्हतं. त्याच्या आईला मी त्याचं ऐकून इमा म्हणायला लागले, इमा म्हणजे आई, आणि मोठ्या वयाच्या कुठल्याही बाईला तिथे तसंच म्हणतात. पहाटे चारलाच इमा आणि तिचा नवरा दोन वेगळ्या होड्या घेऊन निघाले होते, जानेवारीतलं धुकं इतकं की होडीचं पुढचं टोक दिसत नाही, पण कुठला बांबू कोणाचा आणि कुठलं जाळं कोणाचं हे त्यांना न बघता कळतं. सातला परत आले. नवऱ्यानं जाळी झटकली, इमानं मासे निवडले, मोठे विकायला वेगळे, बारीक घरात आणि सुकवायला. मग इमा मासे घेऊन किनाऱ्यावरच्या बाजारात गेली आणि येताना तांदूळ, मीठ, मेणबत्त्या, म्हातारीचं औषध घेऊन आली. एका कोपऱ्यात पत्र्यावर माती थापून चूल केलेली, वर माशांची शिंकाळी, धुरात मासे सुकत असतात. छपरावर छोटं सोलर पॅनल, त्यावर एक दिवा आणि मोबाईल चार्जिंग. पिण्याचं पाणी तळ्याचंच, तुरटी फिरवून. संडास पण तळ्यातच, हे पण लिहिलं पाहिजे, लपवून काही उपयोग नाही.

आणि सारखं काम. मला वाटायचं तरंगतं घर म्हणजे एकदा बांधलं की झालं. तसं अजिबात नाहीये. फुमदी खालून कुजत जाते, घर हळूहळू बुडायला लागतं, म्हणून दरवर्षी नवी फुमदी कापून आणायची आणि खाली-वर सारायची, थर घालायचा. इमाच्या नवऱ्यानं मला झोपडीच्या कडेला नेऊन दाखवलं, हा मागच्या वर्षीचा थर, हा त्याच्या आधीचा, बोटानं एकेक दाखवत, आपल्याकडे शेतकरी बांध दाखवतो ना अगदी तसं.

म्हातारीनं काय सांगितलं ते मी नातवाकडून दोनदा विचारून घेतलं कारण मला नीट समजून घ्यायचं होतं. ती म्हणाली आम्ही इथले नाही. म्हणजे तळ्यातले नाही. आमचं शेत होतं, किनाऱ्याच्या जवळ, पावसात त्यात पाणी यायचं आणि नंतर उतरायचं, पाणी उतरलं की भात. मासे पण धरायचो पण घर जमिनीवर होतं. मग पाणी आलं ते उतरलंच नाही. एक वर्ष वाट बघितली, दुसरं वर्ष वाट बघितली, मग फुमदीवर आलो.

ते न उतरलेलं पाणी म्हणजे इथाई बराज. १९८३ मध्ये मणिपूर नदीवर, तळ्याच्या खालच्या अंगाला, हा बंधारा पुरा झाला आणि लोकतक जलविद्युत प्रकल्प सुरू झाला, १०५ मेगावॅटचा. त्याआधी लोकतक हे उन्हाळ्या-पावसाळ्याबरोबर लहान-मोठं होणारं तळं होतं. पावसात फुगायचं, नदीतून पाणी उलटं आत यायचं, हिवाळ्यात ओसरायचं, नदी आणि तळं एकमेकांना देत-घेत होती. लोकतक शब्दाचा अर्थच ओढ्यांचा शेवट असा सांगतात. बंधारा झाल्यावर वीजनिर्मितीला बारा महिने पाणी लागतं म्हणून पातळी वर धरून ठेवली, समुद्रसपाटीपासून साधारण ७६८.५ मीटर, आणि किनाऱ्याकडची हजारो हेक्टर शेती कायमची पाण्याखाली गेली. कायमची म्हणजे आज पण.

आता फुमदीचं काय झालं बघा, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्वी हिवाळ्यात पाणी ओसरलं की फुमदी खाली तळाला टेकायची. तिथे तिची मुळं गाळात जायची, खत-माती ओढून घ्यायची, पोट भरल्यासारखी, आणि पावसात पाणी चढलं की परत वर यायची, जाड होऊन. हे दरवर्षी. पाणी बारा महिने वर राहिलं तेव्हा फुमदीला टेकायला तळच मिळेना. तरंगून तरंगून ती पातळ होत गेली. आणि दुसरीकडे जी फुमदी पूर्वी पुराबरोबर नदीतून खाली वाहून जायची ती दरवाज्यांना अडून तळ्यातच राहायला लागली, साचत गेली. म्हणजे जिथे जाड हवी तिथे पातळ आणि जिथे नको तिथे भरमसाट.

जिथे जाड हवी ते ठिकाण म्हणजे तळ्याच्या दक्षिणेचं कैबुल लामजाओ, जगातलं एकमेव तरंगतं राष्ट्रीय उद्यान, साधारण ४० चौरस किलोमीटर. संगाई हरणाचं जगात हे एकच नैसर्गिक घर. १९७५ च्या मोजणीत फक्त १४ संगाई उरले होते, १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, २०१६ च्या मोजणीत २६०. हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हरीण उभं राहतं फुमदीवर, त्याच्या वजनाला फुमदी जाड लागते, आणि ती जाड व्हायला हिवाळ्यात पाणी उतरावं लागतं. तेव्हा संगाई आणि म्हातारीचं शेत यांना लागणारी गोष्ट एकच आहे, हिवाळ्यात पाणी उतरू द्या. हरीण विरुद्ध माणूस असं जे चित्र रंगवलं जातं ते मला म्हणून पटत नाही, दोघांची तक्रार एकाच दरवाज्यापाशी जाते.

मासे पण तिथेच अडले. मणिपूर नदी पुढे म्यानमारमध्ये चिंदविनला मिळते, चिंदविन इरावतीला. त्या वाटेनं मासे अंडी घालायला वर चढून लोकतकमध्ये यायचे. पेंगबा त्यातलाच, मणिपूरचा राज्य-मासा, आणि आज तो तिथे मिळतो तो तळी करून पाळलेला, नदीतून चढून येणारा पेंगबा संपला. लोकतक १९९० मध्ये रामसार यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलं आणि तीनच वर्षांत, १९९३ मध्ये, धोक्यात आलेल्या पाणथळींच्या वेगळ्या यादीत पण गेलं. रामसारच्या नोंदीत जंगलतोड, जलपर्णी, प्रदूषण ही कारणं आहेत आणि धरणामुळे स्थानिक माशांच्या कित्येक जाती तिथून नाहीशा झाल्या हे पण स्पष्ट लिहिलेलं आहे. हे आंदोलकांच्या पत्रकातलं वाक्य नाहीये, आंतरराष्ट्रीय नोंदीतलं आहे.

आता शेत गेलं, चढून येणारा मासा गेला, मग माणूस काय करणार. त्यानं फुमदीचं मोठं गोल कडं करून त्यात मासे कोंडायला सुरुवात केली, त्याला अथाफुम म्हणतात. वरून फोटो काढला की तळ्यावर हिरव्या बांगड्या ठेवल्यासारखं दिसतं, लोकतकचा जो फोटो सगळीकडे फिरतो तो याच अथाफुमचा. ही पद्धत जुनी आहे पण ती वाढली, फोफावली ती बंधाऱ्यानंतर. आणि झोपड्या पण तशाच वाढल्या. सरकारला दिसली फक्त ही वाढ.

२००६ मध्ये लोकतक संरक्षण कायदा आला. त्यात तळ्याच्या मधला सुमारे ७० चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र ठरवला आणि तिथे फुमदीवर राहायला, अथाफुम लावायला बंदी. नोव्हेंबर २०११ मध्ये लोकतक विकास प्राधिकरणानं पोलीस घेऊन शेकडो झोपड्या जाळल्या. जाळल्या, हा शब्द मी जाणूनबुजून लिहितेय, हटवल्या वगैरे नाही. बांबू आणि गवताचं घर, आत जाळी, होडी, मुलांची वह्यापुस्तकं, काडी लावली की पंधरा मिनिटांत पाण्यावर राख. इमा त्या दिवशी बाजारात होती. परत आली तेव्हा फक्त बांबूचे सोट पाण्यातून वर आलेले दिसत होते, काळे पडलेले. आता जिथे ते राहतात ते घर त्यानंतरचं.

ती हे सांगत असताना मला माझी आजी आठवत होती, तिचं माहेर जावळीतलं, शिवसागराच्या पाण्याखाली गेलेलं. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा ती दोन मुलांची आई होती, तिच्या माहेरची माणसं कोणी रायगडात, कोणी सोलापुराकडे फेकली गेली, आणि ती मरेपर्यंत आमचं गाव म्हणताना हात खाली करून दाखवायची, समोर बोट नाही दाखवायची, खाली दाखवायची. आज तापोळ्याला लोक स्पीडबोटीत बसून किती छान किती शांत म्हणतात, मी पण म्हटलेलं आहे शाळेच्या ट्रिपला, तेव्हा माहीत नव्हतं की आपण आजीच्या अंगणावरून चाललोय. आणि तिथे पण क्रम तोच, आधी धरण, मग उरलेल्या लोकांच्या डोक्यावर १९८५ मध्ये अभयारण्य, मग २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. आधी पाण्यासाठी सरका, मग प्राण्यासाठी सरका.

अजून एक साम्य आहे आणि ते मला तिथे गेल्यावरच कळलं. मुळशीचं पाणी मूळचं भीमेचं, पूर्वेला वाहणारं, ते सह्याद्रीच्या पोटातून फिरवून पश्चिमेला कोकणात पाडलं आणि वीज केली. कोयनेचं पण तसंच, कृष्णेचं पाणी वाशिष्ठीत. लोकतकचं पाणी दक्षिणेला म्यानमारकडे जाणारं, ते बोगद्यानं पश्चिमेला लैमातक नदीच्या खोऱ्यात सोडलं आणि वीज केली. अक्षरशः तीच युक्ती. आपल्याकडे १९२१ मध्ये मुळशीचे मावळे सेनापती बापटांबरोबर जमिनीवर आडवे पडले, शंभर वर्षं झाली त्याला, आणि त्या लढ्याचं नाव आपण अभिमानानं घेतो. मग तोच प्रश्न मणिपूरच्या कोळ्यानं विचारला की त्याला अतिक्रमण करणारा म्हणायचं, हे मराठी माणसाला तरी शोभत नाही. म्हणून मी हे मराठीत लिहितेय.

आता दुसरी बाजू. मी इतकं सगळं लिहिलं तरी दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाहीये. झोपड्यांचा मैला तळ्यात जातो. मी स्वतः पाण्यात वेफर्सची पाकिटं, तेलाच्या पिशव्या, थर्माकोल बघितलं. बारीक भोकांची जाळी लावून पिल्लं पण ओढली जातात, मच्छीमार स्वतः हे मान्य करतात. अथाफुम फार दाट झाले की पाणी हलत नाही, होड्यांचे रस्ते बंद होतात, आणि याचा त्रास सगळ्यात आधी गरीब मच्छीमारालाच होतो ज्याच्याकडे स्वतःचं अथाफुम नाही. हे सगळं खरं. पण तळ्याच्या घाणीचा विचार करताना नंबुल नदी पण बघा. ही नदी इंफाळ शहराच्या मधून वाहते, शहराचं सांडपाणी आणि प्लास्टिक घेऊन थेट लोकतकमध्ये येते. आम्ही इंफाळला ज्या हॉटेलात राहिलो तिथलं सांडपाणी कुठे जात होतं हे मी विचारलं पण नव्हतं. वर डोंगरात झाडं तुटतात त्याची माती येते, भातशेतीचं रासायनिक खत उतरतं, ते खाऊन तण अजून माजतं. शहरातलं कोणाचं घर त्यासाठी जाळलं नाही आणि जाळू पण नये, पण मग तळ्यातल्याच माणसाला वेगळा न्याय का. मैल्याचाच प्रश्न असेल तर तरंगते संडास करता येतात, कचरा गोळा करणारी होडी फिरवता येते, हे जाळण्यापेक्षा स्वस्त आहे.

आणि विजेचं. कोणी म्हणेल वीज नको का. वीज हवी, मणिपूरला तर हवीच. पण १०५ मेगावॅट म्हणजे किती ते बघा, आपली कोयना १९६० मेगावॅटची आहे. एवढ्या विजेसाठी एक अख्खं तळं, त्याचे मासे, किनाऱ्याची शेती, संगाईचं रान असं सगळं कायमचं गहाण ठेवायचं का हा प्रश्न १९८३ मध्ये विचारला गेला नसेल तर आता विचारायला काय हरकत आहे. बंधारा काढूनच टाका अशी मागणी तिथे बरीच वर्षं चालू आहे, राज्य सरकारनं सुद्धा केंद्राकडे ती मांडलेली आहे, म्हणजे ही काही चार टोकाच्या माणसांची मागणी नाही. मी इंजिनिअर नाही, बंधारा पूर्ण काढला तर खालच्या गावांचं काय होईल ते जाणकारांनी सांगावं. पण दरवाजे काही महिने उघडे ठेवून हिवाळ्यात पाणी उतरू देणं, फुमदीला तळ टेकू देणं, माशाला वर यायला वाट देणं, याला बंधारा काढावा लागत नाही. थोडी वीज कमी होईल. ती किती आणि तिची भरपाई कशी हे मोजता येतं. म्हातारीच्या शेताची भरपाई चाळीस वर्षांत कोणी मोजली नाही म्हणून ती शून्य होत नाही.

फुमदी काढायची तर यंत्रं लावून काढली जाते, त्यासाठी कंत्राटं निघतात, आणि काढलेली फुमदी बऱ्याचदा काठावर टाकली जाते तिथून ती पावसात परत आत येते. इमाचा नवरा हे सांगताना चिडला होता, एरवी शांत माणूस. तो म्हणाला फुमदी कुठून कापायची, कुठे सोडायची, कुठल्या वाऱ्याला ती कुठे जाते हे आम्हाला विचारा ना, आम्ही रोज तेच करतो. मला वाटतं हे वाक्य धोरण म्हणून घेतलं पाहिजे. त्या तळ्याची देखभाल करायला सगळ्यात लायक माणसं तीच आहेत जी आज बेकायदा ठरलेली आहेत. त्यांना राहायचा आणि मासेमारीचा कायदेशीर हक्क द्या, त्याबरोबर अटी घाला, झोपड्यांची संख्या ठरवा, जाळ्याच्या भोकाचं माप ठरवा, अथाफुमला मर्यादा घाला, आणि हे सगळं त्यांच्या संघटनेबरोबर बसून ठरवा. २०१७ मध्ये तिथल्या मच्छीमारांच्या युनियननं पुढाकार घेऊन तरंगती शाळा काढली होती, जाळपोळीनंतर शाळा सुटलेल्या मुलांसाठी. जी माणसं पाण्यावर शाळा उभी करू शकतात ती नियम पाळू शकणार नाहीत असं मानायचं काही कारण नाही.

मग आपण, म्हणजे बघायला जाणारे. २०१९ नंतर तिथे तरंगते होमस्टे वाढले, व्हिडिओ फिरायला लागले, पाण्यावर एक रात्र वगैरे. मी जाऊच नका असं म्हणणार नाही, मी स्वतः गेले आणि गेले म्हणून मला हे कळलं. पण जिथे मच्छीमाराची झोपडी बेकायदा आहे तिथे पर्यटकांची खोली गोड कशी लागते याचा विचार व्हायला हवा. होमस्टे त्या वस्तीतल्या घराचा असेल, पैसे त्या चुलीपर्यंत जात असतील तर जरूर राहा, नाहीतर संध्याकाळी किनाऱ्यावर परत या. आणि झोपडीच्या आत कॅमेरा नेण्याआधी विचारा. आमच्या शेजारच्या होडीतल्या लोकांनी म्हातारीचा जेवतानाचा व्हिडिओ काढला, तिनं पदर तोंडावर घेतला तरी थांबले नाहीत. भाच्यानं जाऊन सांगितलं तेव्हा थांबले. जगात पाण्यावरची गावं जिथे जिथे आहेत तिथे हे होतं असं ऐकते, पण मी हे एकच बघितलंय आणि मला त्याचंच बोलायचंय.

मे २०२३ पासून मणिपूरच्या बातम्या म्हणजे फक्त हिंसा. त्या दुःखापुढे तळ्याचं काय घेऊन बसलात असं कोणाला वाटेल. पण शांतता आली की लोक परत जाणार कुठे, खाणार काय, हे तळंच ठरवणार आहे.

इमाचा तो होडीवाला मुलगा अजून अधूनमधून फोन करतो. जुलै २०२२ मध्ये केला होता तेव्हा घाईत होता. प्राधिकरणाची नोटीस निघाली होती, फुमदीवरची घरं, होमस्टे, अथाफुम, सगळं १५ दिवसांत काढून घ्या. मी विचारलं मग आता काय करताय, बाबा कुठेत. तो म्हणाला बाबा पाण्यात आहेत, पाऊस जोरात झाला, घराची उत्तरेकडची बाजू खाली गेलीय, या वर्षीचा थर घालायचा राहिला होता तो घालतायत.